हाताचा रंग

नवरात्र जवळ आलं की जुन्नरच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात, आणि फुलं घेण्याआधी मी विकणाऱ्या बाईचे हात बघते. फुलं नंतर. झेंडू तोडणाऱ्याच्या बोटांवर आधी पिवळा रंग चढतो, मग चीक वाळला की तो काळपट हिरवा होतो आणि नखांच्या कडेला जाऊन बसतो. साबणाला तो दाद देत नाही. राख लावून लिंबाची फोड चोळली तर निघतो. परवा एका बाईनं विचारलंच, "काय बघता ताई? हात घाण न्हाईत माझं, शेतातनं थेट आलेय." मी म्हटलं, "म्हणूनच बघते." तिला काही कळलं नाही. ती हसली, मी फुलं घेतली आणि घरी आले.

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, पाहुण्यांची, घरातल्या दुरुस्त्यांची, कुणाच्या लग्नात कुणी काय बघायचं त्याची. शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलं. काम कागदावर उतरलं की निम्मं झालं, असं मला वाटत आलंय. घरचे यावरून चिडवतात, चिडवू देत. गॅस संपल्यावर मलाच विचारतात. पण झेंडूचा तो उग्र, हिरवट वास पिशवीतून वर आला की हातातली यादी हातातच राहते. मी पुन्हा डिंगोऱ्याला माहेरी, आण्णांच्या म्हणजे वडिलांच्या घरात असते, समोर खाटेवर एक तान्ही मुलगी निजलेली असते, आणि ती पिवळी आहे की नाही हे मला ठरवायचं असतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धाकटी बहीण नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा लांब कंपनीत, तो बारशालाच येणार. मी पिंपरी पेंढारला सासरी होते. माझी दोन पोरं सासूबाईंच्या हवाली करून, रजा टाकून मी मदतीला आले, कारण नंदाचे दिवस भरायच्या आधीच, नवरात्र बसता बसता, ती बाळंत झाली होती. आणि ते दिवस आमच्याकडे झेंडूच्या तोडणीचे. वर्षभर आण्णा कांदा करत, बाजरी करत, पण दसऱ्याचा झेंडू हा त्यांचा खरा जीव. आई आणि आण्णा दिवस उजाडायच्या आत शेतात जात. बाळ-बाळंतीण बघायला घरात हक्काचं माणूस नव्हतं.

ओतूरच्या दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांना बहुधा माझ्या हातातला कागद दिसला असावा. म्हणाल्या, "मूल थोडं लवकर आलंय. थोडी कावीळ दिसतेय. पुष्कळ बाळांना होते, आपोआप जाते. पण लक्ष ठेवायचं. हा पिवळेपणा तोंडावरून खाली उतरत जातो. छातीपर्यंत असेल तर अंगावर पाजत राहा, सकाळचं कोवळं ऊन द्या. पोटाखाली उतरायला लागला तर दाखवायला आणा. आणि तळपायाला आला, तर वाट बघायची नाही. थेट नारायणगावला, मुलांच्या डॉक्टरांकडे." बघायचं कसं तेही त्यांनी दाखवलं. अंगठ्यानं हलकेच दाबायचं, सोडायचं, आणि रक्त परत यायच्या आत खालची कातडी कुठल्या रंगाची आहे ते बघायचं. "उजेडात बघा हं," त्या म्हणाल्या.

मला सूचना आवडतात. मी घरी येऊन कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: तोंड, छाती, पोट, मांड्या, तळवे. पान खिळ्याला अडकवलं. नंदा खाटेवरून बघत होती. म्हणाली, "अक्का, ही काय शाळेची पटसंख्या आहे का?" मी म्हटलं, "तू झोप. बाळाला पाज आणि झोप. बाकीचं माझं."

बाकीचं माझं, हे म्हणणं सोपं होतं.

पहिली अडचण पावसाची. परतीचा पाऊस घाटावरून उतरला तो हटेचना. आभाळ दिवसभर भरलेलं. कोवळं ऊन कुठून आणायचं? शिवाय पाऊस असला की तोडलेला माल उघड्यावर ठेवता येत नाही, भिजलं फूल एका रात्रीत काळं पडतं. त्यामुळे आण्णांनी झेंडू घरात आणला. आधी ओट्यावर ताडपत्रीखाली, मग पडवीत, मग माजघरात. बाळंतिणीच्या खोलीला दार एकच, ते माजघरात उघडणारं. दार लावलं की आत अंधार. उघडलं की समोर कमरेएवढा पिवळा ढीग, आणि त्याची झळाळी थेट खाटेवर. वर छताला पिवळा बल्ब. नंदाची पातळं पिवळी दिसत, भिंतीचा चुना पिवळा दिसे, माझे हात पिवळे दिसत. त्या खोलीत दुधाचा पेलासुद्धा पिवळा दिसत होता. अशा ठिकाणी एका मुठीएवढ्या मुलीच्या पोटावर अंगठा दाबून मी बघत बसायची, पिवळं आहे का.

मी आण्णांना म्हटलं, "ढीग हलवा इथून."

"कुठं हलवू, अक्के? डोक्यावर घेऊ?"

"गोठ्यात ठेवा."

"गोठ्यात म्हशीनी खाल्ला म्हंजी? देवाचा माल हाय त्यो." मग माझं तोंड बघून थोडे नरमले. "चार दिस काढ. दसरा झाला की घर तुझं."

आजकाल घरोघरी ते पांढरे दिवे आले. बटण दाबलं की दवाखान्यासारखा उजेड. सगळ्यांना तो रुक्ष वाटतो, माझी सूनही म्हणते, "आई, थोडा वॉर्म लाइट लावू या." मी लावू देत नाही. कारण सांगत नाही.

दुसरी अडचण हळदीची. बाळाला न्हाऊ घालायला शेजारच्या हौसाकाकू यायच्या. पाय पसरून बसायच्या, बाळ पायांवर घ्यायच्या, तेल चोळायच्या, आणि डाळीच्या पिठात सायीबरोबर चांगली मूठभर हळद कालवायच्या. पहिल्याच दिवशी मी वाटी काढून घेतली. "काकू, हळद बंद."

"अगं बाई! हळदीबिगर पोर न्हाणार? तुमच्या साळंत असलं शिकवत्यात व्हय?"

"डॉक्टरांनी रंग बघायला सांगितलाय. हळद लावली तर रंग कसा कळणार?"

"रंग?" काकूंनी नंदाकडे बघितलं. "रंगाचं काय घेऊन बसलीस? बापावर गेली तर काळी व्हईल, आईवर गेली तर उजळ. आतापास्नं काय कळतंय त्यात!"

नंदा पोट धरून हसली. टाके दुखतात, हसवू नका म्हणाली. मी पण हसले. हळद मात्र बंद झाली. मागे वळून बघताना वाटतं, त्या पहिल्या दिवसांत आम्ही बऱ्यापैकी हसत होतो. भीती होती, पण ती भिंतीवरच्या पानावर लिहून ठेवली होती आणि पान माझ्या ताब्यात होतं.

तिसरी अडचण मी धरलीच नव्हती. एका दुपारी बाळाच्या छातीवरचं दुपटं बाजूला केलं तर बरगडीपाशी चांगला ठसठशीत पिवळा डाग. दाबलं, तसाच. मी आईला हाक मारली. आई शेतातून नुकतीच आली होती, पदरानं तोंड पुसत आत आली, वाकली, आणि तेलाचं बोट लावून डाग चोळला. डाग गेला.

"हाताचा रंग हाय त्यो," आई म्हणाली. "सकाळी मीच घेतली व्हती तिला. बघ." तिनं दोन्ही हात पुढे केले. तळहात, पेरं, मनगटं, सगळं झेंडूनं रंगलेलं. "या घरात कोण पिवळं न्हाई, सांग मला?"

सगळे हसले. मीही सुटकेचा श्वास सोडला. पण त्या दिवसापासून ते वाक्य घरात रुळलं. मी बाळाच्या गालाला, पोटाला हात लावला की कुणीतरी म्हणायचंच, "हाताचा रंग हाय." मी सगळ्यांना ताकीद दिली, हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही. दाराशी बादली ठेवली, लिंबाच्या फोडी ठेवल्या. पाहुण्या बाया हात धुवायच्या, "मास्तरीण लई कडक हाय" म्हणायच्या, आणि आत येऊन बाळ उचलून म्हणायच्या, "किती गुणाची गं! रडत सुदिक न्हाई."

रडत नव्हती, हे खरं होतं. आधी दूध हवं म्हणून बारीक आवाजात कुरकुरायची, आता तेही कमी झालं होतं. नंदा छातीशी धरायची, ती दोन-चार घोट घ्यायची आणि झोपायची. तळपायाला टिचकी मारून उठवलं की पुन्हा दोन घोट, पुन्हा झोप. नंदा माझ्याकडे बघायची. मी आईकडे बघायचे. आई म्हणायची, "लवकर आलेलं लेकरू हाय, निजंल न्हाई तर काय करंल?" आणि भाजीचं बघायला निघून जायची. ती खोलीत फार वेळ थांबायची नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मला वाटलं, तोडणीची घाई.

पाचवीच्या पूजेला आईनं पाटा मांडला, सटवाईसाठी कोरा कागद आणि शाईचं पेन ठेवलं. रात्रीतून ती येते आणि बाळाच्या कपाळावरचं लिहून जाते म्हणतात. नंदा म्हणाली, "अक्काच्या यादीशेजारी ठेव, म्हणजे दोघींचं जुळतंय का बघता येईल." आई मात्र हसली नाही. पाट्यावर हळद-कुंकू वाहताना तिचा हात हळदीच्या करंड्यापाशी थबकला आणि तिनं नुसतं कुंकूच वाहिलं. मी विचारलं, "हळद?" म्हणाली, "तूच बंद केलीस न्हवं?" मला बरं वाटलं, की आई माझं ऐकते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन पडलं.

इतक्या दिवसांनी ते आलं की डोळे दिपले. ओल्या मातीतून वाफ निघत होती. आमच्या दारात रामाभाऊंचा टेम्पो उभा होता, तोंड माळशेज घाटाकडे. माजघरातला सगळा झेंडू पोत्यांत भरून टेम्पोत चढला होता, आण्णा दोर आवळत होते. माल कल्याणच्या बाजाराला निघाला होता. दसऱ्याचा झेंडू आज पोचला तर सोनं, परवा पोचला तर शेणखत. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

घर एकदम रिकामं आणि पांढरं दिसायला लागलं. मी बाळाला उचललं, अंगणात पाट टाकला, त्यावर आण्णांचं धुतलेलं पांढरं धोतर पसरलं आणि तिला उघडी करून त्यावर ठेवली. पाठ होतं ते क्रमानं बघत गेले. तोंड. छाती. पोट. मांड्या. प्रत्येक ठिकाणी अंगठा दाबायचा, सोडायचा. प्रत्येक ठिकाणी खाली तोच रंग. मग तळपाय हातात घेतला. दाबला. सोडला.

आई पोत्यांच्या कडेची सांडलेली फुलं गोळा करत होती. मी काही बोलले नव्हते. पण ती तिथूनच म्हणाली, "हाताचा रंग हाय त्यो."

मी उठले. बादलीपाशी जाऊन हात धुतले, राख लावून, लिंबू लावून, नखांतून काढून धुतले. नंदाच्या खोलीतून कापूस आणला, कोमट पाण्यात बुडवून पिळला आणि तळवा पुसला. टाचेपासून बोटांपर्यंत. कापूस उलटा करून पुन्हा पुसला. मग तेलाचं बोट लावून पुसला, आईनं लावलं होतं तसं.

कापूस पांढराच राहिला.

नंदा दारात उभी होती. तिला मी काही सांगायची गरज नव्हती. ती कापसाकडे बघत होती. "अक्का," एवढंच म्हणाली. बाळ भर उन्हात, उघडं, डोळेही न किलकिलता झोपलं होतं.

"आण्णा," मी म्हटलं, "नारायणगावला जायला हवं. आत्ता."

एसटीचा भरवसा नव्हता. गावात एक जीप होती, ती देवीच्या जत्रेला गेली होती. असल्या फालतू गोष्टी बरोबर लक्षात राहतात. आण्णांनी टेम्पोकडे बघितलं. रामाभाऊ चाकावर पाय ठेवून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "आण्णा, नारायणगाव म्हंजी उलट्या तोंडाला. तिथनं परत फिरून घाट उतरायचा म्हंजी बाजार उठून जाईल बघा. माल खाली करायला बी येळ जाईल."

आण्णांनी दोराची शेवटची गाठ मारली. माझ्या माहितीत ते आयुष्यात कधी घाईनं बोलले नाहीत. तेव्हाही नाही.

"खाली नका करू," ते म्हणाले. "वळवा."

रामाभाऊंनी तंबाखू तशीच खाली झटकली आणि टेम्पो वळवला.

पुढे आम्ही तिघी, नंदाच्या मांडीवर बाळ. मागे फुलांच्या पोत्यांवर आण्णा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूनं भरलेला टेम्पो रस्त्यानं निघाला की त्याला कोण जाऊ देणार? ओतूरच्या चौकात माणसं आडवी झाली. "ओ भाऊ, काय दिली फुलं?" रामाभाऊ खिडकीतून ओरडले, "माल इकलाय, पावणं!"

"कुणाला इकला?"

"आत बसलीय मालकीण, तिला इच्यारा!" त्यांनी बाळाकडे हात केला. तो माणूस आत डोकावला, नंदाचं तोंड बघितलं, आणि स्वतःच पुढे होऊन गर्दी बाजूला सारायला लागला. त्याचं नाव मला माहीत नाही. चेहरा आजही ओळखेन.

चौक मागे पडल्यावर आई बोलली. समोर रस्त्याकडे बघत, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात. "तुझ्या पाठचा भाऊ," ती म्हणाली.

माझ्या आणि नंदाच्या मध्ये एक भाऊ झाला होता, तो राहिला नाही, एवढंच मला ठाऊक होतं. दृष्ट लागली, असं घरात सांगायचे. आईच्या तोंडून त्याच्याबद्दल कधी शब्द ऐकला नव्हता.

"त्याचं बी पाय असंच झालं व्हतं. तुझी आजी म्हणली, हळदीचा रंग हाय, आंघोळीला निघंल. मी बी म्हणले, निघंल." तिचे रंगलेले हात मांडीवर उपडे पडले होते. "रोज पुसायची मी."

पाचवीला थबकलेला तिचा हात मला तेव्हा कळला, आणि खोलीत न थांबणंही. ती बघत नव्हती असं नाही. माझ्या आधी तिनं बघितलं होतं, आणि हा रंग हाताचा निघावा म्हणून ती रोज मनातल्या मनात तोच तळवा पुसत होती. नंदानं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं बाळाला आणखी घट्ट धरलं.

नारायणगावच्या डॉक्टरांनी बाळाला बघितलं आणि लगेच आत नेलं. आम्हाला म्हणाले, "आणलंत ते बरं केलंत. दिव्याखाली ठेवू. रंग उतरायला लागला तर ठीक. नाही उतरला तर पुण्याला हलवावं लागेल, रक्त बदलावं लागतं." नर्सबाई म्हणाल्या, "फुलं बाहेर ठेवा हो, केवढा वास!" आमच्याजवळ एकही फूल नव्हतं. वास आमच्या अंगाचा होता.

काचेच्या पेटीत, निळ्या उजेडात, डोळ्यांवर पट्टी बांधून तिला ठेवलं. मी काचेजवळ उभी राहिले आणि सवयीनं तळवे शोधले. निळे. छाती निळी, पोट निळं. त्या उजेडात पिवळं दिसतच नाही. घरी सगळं पिवळं म्हणून दिसत नव्हतं, इथे सगळं निळं म्हणून दिसेना. माझ्या यादीत तोंड, छाती, पोट, मांड्या, तळवे होतं. नुसतं बसून राहणं नव्हतं. मी बाकावर बसले. आई बसली. नंदा दर थोड्या वेळानं आत जाऊन वाटीत दूध काढून द्यायची आणि परत येऊन बसायची. आम्ही कुणी कुणाला धीर दिला नाही. आमच्या घरात ती पद्धतच नाही. आईनं फक्त एकदा नंदाच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

आण्णा आणि रामाभाऊ आम्हाला सोडून परत घाटाकडे गेले होते. माल पोचला का, कसा गेला, हे आण्णांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी दवाखान्याच्या दाराला कुणीतरी तोरण बांधलं. झेंडू आणि आंब्याची पानं. मी त्या तोरणाकडे पाठ करून बसले होते. डॉक्टर एकदा येऊन रक्त काढून गेले, दुसऱ्यांदा काढून गेले. मग दुपारी आतून आवाज आला. आधी मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं बाळ. कारण आमचं असं रडतच नव्हतं. तो आवाज चिडलेला होता, मोठा होता, भुकेला होता. श्वास घ्यायला थांबायचा आणि पुन्हा दुप्पट व्हायचा. नंदा उठून पळाली. नर्सबाई दारात येऊन हसत म्हणाल्या, "आटपा, तुमची बाई खवळलीय."

आई जागची उठली नाही. भिंतीकडे तोंड करून पदरात म्हणत होती, "रड माझे बाई. रड. लई रड."

डॉक्टरांनी नंतर आकडा सांगितला, खाली आलाय म्हणाले, पुण्याची गरज नाही म्हणाले. मी तो कागदावर लिहूनही घेतला. पण आम्हाला कळायचं ते आधीच कळलं होतं.

घरी परतलो तेव्हा शेतातला झेंडू संपला होता. आण्णांनी खोलीला आतून पांढरा चुना लावून ठेवला होता, कुणी न सांगता. त्यानंतरचे दिवस साध्या ताणाचे होते, जे सगळ्या घरांत असतात: जागरणं, वांती, धुणं, कुणी काय बोललं. हौसाकाकू हात लिंबानं धुऊन मगच मुलीला घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता बघ कशी कोकलतीय! आदी किती गुणाची व्हती." आम्हाला ती अशीच गुणाची हवी होती.

बारशाला नंदाच्या नणंदबाई, बाळाच्या आत्याबाई, नाव ठरवून आल्या होत्या: सुवर्णा. आई पाळण्यापाशीच म्हणाली, "ते नाव नगं." व्याह्यांकडची मंडळी चपापली. नंदा पटकन पुढे होऊन म्हणाली, "नीलम ठेवू या." आत्याबाईंना वाटलं, रत्नाचं नाव आहे, त्यांनी खुशीनं कानात सांगितलं. तो दिवा आमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता.

माणूस ज्या रंगात राहतो तो रंग त्याला दिसेनासा होतो, असं मी पुष्कळदा म्हणते. मुलांना सांगते, ऑफिसातल्या मुलींना सांगायची. त्यांना वाटतं, मावशी काहीतरी मोठं तत्त्व सांगते. माझा अर्थ तेवढाच असतो: बाहेर या, उजेडात या, हात धुवा आणि पुन्हा बघा.

गेल्या मार्गशीर्षात नीलमचं लग्न झालं. याद्या अर्थातच माझ्याकडे होत्या. हळदीच्या यादीत पाट, सुपारी, आंब्याचे डहाळे, उटणं, टॉवेल सगळं वेळेवर लिहिलं, आणि हळद हा शब्द लिहायचा राहिला. नंदानं यादी वाचताना ते दाखवून दिलं. मी पेन घेऊन तो शब्द शेवटी लिहिला.

अंगणात मांडव, चांगलं लख्ख ऊन. नीलम पिवळ्या साडीत पाटावर बसली होती, मैत्रिणींचा गलका, मोबाइल, फोटो. आमच्याकडे हळद पायांपासून लावतात आणि वर चढवत नेतात. पाय, गुडघे, खांदे, कपाळ. मावशीचा मान म्हणून मला पुढे केलं. मी वाटीत बोटं बुडवली आणि तिचा तळपाय हातात घेतला. मोठा झालेला, टाचेला थोडा भेगाळलेला, धडधाकट पाय. टाचेपासून बोटांपर्यंत हळद लावली. आणि मग अंगठा आपोआप दाबला गेला, आपोआप सुटला.

"मावशी, काय बघतेस गं?" नीलम हसत म्हणाली. "गुदगुल्या होतात!"

शेजारी खुर्चीवर आई बसली होती. आता तिला नीट दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही सगळं धुक्यातलं दिसतं म्हणते. पण पिवळं तिला दिसलं असावं. ती काठी टेकवून पुढे वाकली आणि गलक्यात मला एकटीला ऐकू येईल अशी म्हणाली, "अक्के, निघंल न्हवं गं त्यो?"

मी माझे दोन्ही तळहात तिच्या डोळ्यांजवळ नेले. पेरं, मनगटं, सगळी रंगलेली.

"हाताचाच रंग आहे, आई," मी म्हटलं.